राजसबाईचं पुढे काय झालं

त्या पुस्तकाच्या कव्हरवरच्या मुलीचे डोळे निळे होते. पाठीमागे मावळतीचं नारिंगी आभाळ, त्यात अर्धा घुमट आणि अर्धं गोपुर अशी एक विचित्र इमारत, दोन माड, लाल कोटातला एक उंच गोरा अधिकारी – आणि त्याच्या छातीवर मान टाकून उभी असलेली ती मुलगी. अंगावर साडीसारखं पण साडी नव्हे असं काहीतरी सोनेरी, गळ्यात मोत्यांचे सर, कपाळावर ठसठशीत कुंकू… आणि डोळे मात्र निळे. मी आईला विचारलं, "ही आपल्याकडची आहे ना? मग हिचे डोळे असे का?" आई शेवग्याच्या शेंगा सोलत होती. तिनं कव्हरकडे तिरप्या नजरेनं पाहिलं आणि म्हणाली, "काळा रंग संपला असेल चित्रकाराकडचा." मी ते खरं मानलं. पण केस तर काळेभोर होते की! केसांना रंग पुरला आणि डोळ्यांना नाही, हे कोडं मला पुष्कळ दिवस सुटलं नाही.

ते पुस्तक लेंडिंग लायब्ररीतलं होतं. आम्ही तेव्हा अंबत्तूरला राहत होतो. बाबा जवळच्या आवडी गावातल्या सरकारी कारखान्यात होते. आई मिरजेची. लग्न होऊन मद्रासला आली तेव्हा तिच्या ट्रंकेत चार मराठी पुस्तकं होती, ती वाचून वाचून त्यांचे पुठ्ठे सुटले. तमिळ अक्षरं तिला जिलेब्यांसारखी वाटायची. उरलं इंग्रजी – बी.ए.ला तिनं ते घेतलं होतं, आणि रेल्वे फाटकाजवळच्या पत्र्याच्या खोलीतल्या त्या लायब्ररीत इंग्रजी कादंबऱ्यांची एक अख्खी भिंत होती. कोंदट, गोड, किंचित बुरशीचा वास… खळीचा, डांबरगोळ्यांचा आणि मालकाच्या विभूतीचा मिळून झालेला. मी आजही कुठल्या जुन्या पुस्तकात नाक खुपसते ते त्या वासाच्या आशेनं. आई त्या भिंतीतून ठरावीकच पुस्तकं काढायची: गोऱ्यांच्या राज्यातल्या प्रेमकथा. पालख्या, पंखे ओढणारे नोकर, कवायतीची मैदानं, जहाजातून उतरलेली, उन्हानं लाल झालेली एखादी मडम. बाबा चेष्टा करायचे, "त्या साहेबांना घालवायला इतकी वर्षं लागली, आणि तू त्यांना पुन्हा घरात आणतेस." आई म्हणायची, "त्या मडमेला इथलं बोलणं कळत नसतं, जेवण सोसत नसतं, उकाड्यानं जीव जातो तिचा. मला बरं वाटतं वाचून."

आमचं घर म्हणजे एका लांबट आवाराच्या कडेनं मांडलेल्या पोर्शनांपैकी, म्हणजे भाड्याच्या बिऱ्हाडांपैकी एक. मध्ये विहीर, विहिरीला लागून शेवग्याचं झाड, आणि झाडापलीकडच्या पोर्शनमध्ये अंबूमामी. मामी म्हणजे नात्यानं कोणी नव्हेत; तिकडे वडीलधाऱ्या बाईला सगळे मामीच म्हणतात. त्या तंजावरच्या मराठी घरातल्या होत्या, तीनशे वर्षांपूर्वी तिकडे गेलेल्या माणसांच्या वंशातल्या. त्यांची मराठी ऐकून मी लहानपणी गोंधळून जाई. पाण्याला त्या 'उदक' म्हणत, 'काय'ला 'का', आणि 'कशाला'ला 'कसाला'; मधूनच तमिळ शब्द, आणि सगळ्याला तमिळचाच हेल. शब्द आमचे आणि चाल दुसऱ्याची, असं काहीसं… आणि आई त्यांच्याशी बोलू लागली, की दोघींचंही बोलणं हळूहळू मधल्या कुठल्यातरी ठिकाणी येऊन थांबे, तिथे मी उभी असे.

मामी विधवा होत्या. त्यांची एकुलती एक मुलगी वसंता – माझी वसंताक्का – गिंडीला एका ऑफिसात टायपिस्ट होती. सडपातळ, सावळी, कानांत लालखड्यांच्या कुड्या, आणि सकाळी केसांत माळलेली अबोली संध्याकाळी परत येताना कोमेजून खांद्यावर आलेली. रविवारी मात्र ती घरी असायची, आणि आमच्या 'गोष्टी'चा वार म्हणूनच रविवार ठरला.

ती सुरू कशी झाली ते मला नीट आठवतं. कत्तिरीचा उन्हाळा होता – मे महिन्यातले ते दिवस, जेव्हा विहिरीच्या कठड्याला हात लावला की भाजतो. जेवणं झाल्यावर आमच्या सोप्यात गार फरशीवर सगळ्या आडव्या व्हायच्या. आई भिंतीला टेकून वाचत होती, आणि वाचता वाचता तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. मामींनी विचारलं, "का झालं गं? कोण मेलं?" आई लाजली. म्हणाली, "कोणी नाही हो. या पुस्तकात… तंजावरच्या राजवाड्यातली एक मुलगी आहे." तंजावर म्हटल्याबरोबर मामी उठून बसल्या. "आमच्या तंजावरची? सांग की मग. मोठ्यानं सांग."

आणि आई सांगू लागली. डोळे इंग्रजी ओळींवर, तोंडात मराठी. पुस्तकात त्या मुलीचं नाव चंपा होतं. मामींनी पहिल्याच रविवारी ते नाकारलं. "राजवाड्यात चंपा कोण ठेवील नाव? कुणा गोऱ्यानं लिहिलंय हे, त्याला का ठाऊक. तिचं नाव राजसबाई असणार." मग ती राजसबाई झाली. गोऱ्याचं नाव आईनं एडवर्ड सांगितलं. मामी त्याला शेवटपर्यंत 'तो कप्तान' म्हणाल्या. मामींचे कोणी पणजोबा राजवाड्याच्या कोठीत हिशेबनीस होते, त्या जोरावर त्या पुस्तकालाच दुरुस्त करीत. राजसबाई सज्जात एकटी उभी राहिली, की मामी म्हणत, "एकटी नव्हे, दासी असेल पाठीशी." मग आई एक दासी उभी करी. राजवाड्यात आंब्याचं सरबत आलं, की मामी ते परत पाठवून नीरमोर, म्हणजे पातळ ताक, मागवत. मला वाटायचं, गोष्ट म्हणजे अशीच असते. लिहिणाऱ्याला जे ठाऊक नसतं ते ऐकणाऱ्यांनी भरून द्यायचं.

माझे गोंधळ निराळेच होते. कप्तान 'कंपनी'चा नोकर आहे म्हटल्यावर मला वाटलं, बाबांच्या कारखान्यासारखीच असेल ती; त्यालाही सायकलला डबा लावून जावं लागत असेल. तो राजाच्या मुलुखावर डोळा ठेवून आहे असं एका रविवारी कळलं, आणि पुढच्या रविवारी तो चांगला आहे, असं. मग तो कोण? शाळेत इतिहासाच्या बाई सांगत होत्या ते गोरे हेच ना? मी आईला विचारलं, "आपण कोणाच्या बाजूचे?" "राजसबाईच्या," आई म्हणाली.

वसंताक्का या सगळ्यात काही बोलायची नाही. ती दाराच्या चौकटीला टेकून, मांडीवर परडी घेऊन फुलं गुंफत बसे. केळीच्या दोऱ्यात दोन कळ्या इकडे, दोन तिकडे, एक गाठ… बोटं आपोआप चाललेली. गोष्ट रंगात आली की मी तिच्याकडे पाही, तिलाही रडू येतंय का म्हणून. तिचे डोळे भरलेले असायचे खरे. मला तेवढं पुरे होतं.

त्याच दिवसांत कधीतरी आवाराच्या फाटकाशी एक उंच माणूस सायकल घेऊन उभा राहिलेला मी पाहिला. वसंताक्काची ऑफिसात राहिलेली छत्री त्यानं आणली होती. पाऊस नव्हता, छत्रीची कोणाला घाईही नव्हती. त्याचं नाव सेल्वराज. गिंडीतच एका लहान कारखान्यात तो सुपरवायझर होता, आणि गळ्यात त्याच्या बारीक साखळीत एक क्रूस होता. मामींनी छत्री घेतली, "सेरी" म्हणजे 'बरं', एवढंच म्हणाल्या, आणि फाटकाची कडी लावली. रात्री भिंतीपलीकडून मामींचा आवाज येत राहिला. वसंताक्काचा मुळीच नाही. पुढच्या आठवड्यात कुंभकोणमहून एक स्थळ आलं – आपल्यातलं, बँकेतलं, पत्रिका जुळलेलं. मामींनी आमच्याकडे येऊन लाडू दिले. आईनं वसंताक्काकडे पाहिलं, वसंताक्कानं परडीकडे.

आता गोष्टीतही दिवस असेच आले होते. राजवाड्यात राजसबाईचं लग्न ठरत होतं, आणि कप्तानाची बदली कुठल्यातरी लांबच्या छावणीत झाली होती. मी तर पार घाबरून गेले होते. शेजारच्या पोर्शनमध्ये आणि पुस्तकात एकदमच लग्नं कशी ठरतात, याचं मला भारी नवल वाटे. आणि मामींनाही ते खटकत असावं. त्या दिवसांत त्या पुस्तकाला दुरुस्त करीनाशा झाल्या होत्या. तांदूळ निवडता निवडता नुसतं ऐकत.

शेवटचा रविवार. आईच्या मांडीवर पुस्तक उघडं होतं, मी तिच्या कुशीला. राजसबाई पहाटे उठली, देवाला नमस्कार केला, अंगावरचे सगळे दागिने काढून उशीवर ठेवले… आणि इथे आईनं पुस्तक मिटलं. मिटलेल्या पुस्तकावर हात ठेवून ती पुढे सांगत राहिली. राजसबाई मागच्या दारानं बाहेर पडली. नदीच्या काठी बैलगाडी उभी होती, कप्तान होता. ती गाडीत बसली. वाट लांबची होती, पण ती पोचली. सुखरूप पोचली.

बाहेर विहिरीवर कोणीतरी पोहरा सोडला, त्याचा आवाज मोठा वाटला.

मग मामींनी विचारलं, "आणि तिची आई?"

आई गोंधळली. "आईचं… आईचं पुस्तकात काही नाही, मामी."

"अय्यो," मामी म्हणाल्या. "काहीच नाही?" आणि सूप उचलून घरी गेल्या.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी, नेहमीप्रमाणे अबोली माळून ऑफिसला गेलेली वसंताक्का संध्याकाळी परत आली नाही. दुसऱ्या दिवशी ऑफिसातल्या कोणा मैत्रिणीनं येऊन सांगितलं की तिनं आणि सेल्वराजनं रजिस्टर लग्न केलं. मामी उंबऱ्यात उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, मग विहिरीवर गेल्या, पोहरा ओढला आणि नेसत्या साडीनिशी डोक्यावर पाणी ओतून घेतलं – मेलेल्या माणसाच्या नावानं ओततात तसं. सगळं आवार बघत होतं. मला वाटलं, उकडत असेल. मी आईला तसं म्हटलंही, आणि आईनं मला आत ओढून घेतलं.

आवारात बोलणं सुरू झालं. ती इंग्रजी पुस्तकं, तो सोपा, ते रविवार… त्या मिरजेच्या बाईनंच पोरीच्या डोक्यात भरवलं म्हणे. बाबाही जेवताना म्हणाले, "आता पुरे त्या कादंबऱ्या." आईनं वाद घातला नाही. पुस्तक मी परत नेऊन दिलं. आई फाटकापर्यंतसुद्धा आली नाही. मामींनी आमच्याकडे बघणं सोडलं. त्यांच्या घरावरून जाताना फोडणीतल्या हिंगाचा वास यायचा, पण दार लावलेलं. आई दुपारभर चादरींना काठ घालीत बसे. तिच्या मनात काय चाललं होतं मला माहीत नाही, एवढंच, की मी कोणतीही गोष्ट सांग म्हटलं, की ती म्हणे, "मला नाही येत."

ऐप्पसीचा, दिवाळीच्या सुमाराचा पाऊस येऊन गेला, मग मार्गळी महिन्यातल्या थंड पहाटा आल्या, आवारात तांदळाच्या पिठाच्या रांगोळ्या उमटू लागल्या. अशाच एका रविवारी दुपारी मामी आमच्या सोप्यात येऊन बसल्या. मधे काहीच घडलं नाही अशा. हातात सूप, सुपात तांदूळ. थोडा वेळ निवडत राहिल्या. मग मान वर न करता म्हणाल्या, "त्या राजसबाईचं पुढे का झालं?"

आई हातातली सुई धरून तशीच राहिली. "पुस्तक संपलं ना हो, मामी."

"पुस्तक संपलं म्हणून का पोर संपते?" मामी म्हणाल्या. "गाडीत बसली म्हणालीस. पोचली म्हणालीस. मग? जेवतेय का बरी?"

आईनं माझ्याकडे पाहिलं, मग मामींकडे. तिनं सुई कापडात टोचून ठेवली. "जेवते," ती म्हणाली. "थोडी वाळलीय. पण जेवते."

तेव्हापासून गोष्ट पुन्हा सुरू झाली, आणि आता मांडीवर पुस्तक नव्हतं. दर आठवड्याला आई परत लायब्ररीत जाऊ लागली होती; वसंताक्का गाडीनं यायची आणि तिथे तिला भेटायची, हे मला फार उशिरा कळलं. त्या वयात मला एवढंच दिसत होतं, की आई पिशवीत नवं पुस्तक आणते आणि गोष्ट मात्र जुन्याच राजसबाईची सांगते. आणि ती गोष्ट दिवसेंदिवस चमत्कारिक होत चालली होती. राजसबाई आता एका तळ्याकाठच्या गावात राहत होती. कप्तानानं लष्कर सोडलं असावं, कारण तो लेथ मशिनवरच्या माणसांवर देखरेख करी. पावसात तळं भरलं आणि तिच्या घरात गुडघाभर पाणी शिरलं, तेव्हा त्या दोघांनी सगळं सामान खाटेवर चढवलं, आणि एक संपूर्ण दिवस त्याच खाटेवर बसून काढला. "तांदूळ भिजले?" मामींनी विचारलं. "थोडे," आई म्हणाली. मामी उठल्या, घरी जाऊन तांदळाच्या पिठीचा डबा घेऊन आल्या आणि आमच्या उंबऱ्यात ठेवला. "घरी जास्त होती," म्हणाल्या. "कुणाच्या उपयोगी पडली तर बघ."

एकदा आई बोलता बोलता म्हणाली, "आता त्यांनी स्कूटर घेतलीय, सेकंडहँड."

मला राहवेना. "कंपनीच्या काळात स्कूटर?"

आई लालबुंद झाली. मामींनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, की मी जीभ चावली. "असेल," त्या म्हणाल्या. "तू कसाला मधे बोलतेस? तुला का ठाऊक त्या काळचं?" आणि आईकडे वळून, "मागे बसताना पदर सांभाळ म्हणावं. चाकात जातो." आई म्हणाली, "सांगते." मी त्या शब्दाला अडखळले – दोनशे वर्षांपूर्वीच्या बाईला आई सांगणार कशी? पण विचारण्याची हिंमत नव्हती.

मग राजसबाईला दिवस गेले. मामींनी गच्चीवर नारत्तंगाय वाळत घातली – ईडलिंबासारखं ते आंबट फळ, मिठात मुरवून उन्हात कडक वाळवतात – आणि त्याची बरणी आमच्याकडे आली. आईच्या पिशवीत ती बरणी मी पाहिली. "कोणासाठी?" "लायब्ररीतल्या बाईंसाठी." लायब्ररीत बाई नव्हत्याच, विभूती लावलेले म्हातारबुवा होते. त्या वर्षी माझ्याभोवतीची सगळी मोठी माणसं अशी काहीतरी एक बोलत आणि दुसरं करत, आणि मी मधे उभी राहून दोन्ही जुळवायला बघत असे.

बाळ झालं त्या रविवारी आई दारातच थांबली. मामी आधीच येऊन बसल्या होत्या. "मुलगी झाली," आई म्हणाली. "दोघी बऱ्या आहेत. जावळ खूप आहे, आणि नाक… नाक अगदी तुमच्यावर गेलंय, मामी."

म्हणाली, आणि तिनं तोंडावर हात ठेवला.

सुपातल्या तांदळांवर मामींची बोटं तशीच पसरलेली. मग उठल्या आणि घरी गेल्या, आणि पुढचे कितीतरी रविवार आल्या नाहीत. आई त्या दिवसांत जेवायला बसे आणि ताटावरून उठे. बाबांनी तिला काही म्हटलं नाही, उलट एकदा संध्याकाळी मला म्हणाले, "आईला त्रास देऊ नकोस हं." आईनं एवढ्या महिन्यांचं सगळं एका वाक्यानं घालवलं होतं, हे आज कळतं. तेव्हा मला फक्त हेच कळेना, की राजसबाईच्या बाळाचं नाक मामींसारखं असलं, तर त्यात रागावण्यासारखं काय आहे.

आल्या त्या एका आडवारी, सकाळी, आई पोळ्या करत असताना. स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहिल्या. मुठीत काळ्या मण्यांच्या इवल्या बांगड्या होत्या, बाळाला दृष्ट लागू नये म्हणून घालतात त्या. "पुढे का आहे पुस्तकात?" त्यांनी विचारलं.

आईनं गॅस बंद केला. "पुस्तकात असं आहे, मामी, की या रविवारी राजसबाई बाळाला घेऊन येते. आमच्याकडे येते."

मामींनी बांगड्या आमच्या कट्ट्यावर ठेवल्या. मग पुन्हा उचलल्या. "पुस्तकात आहे तर आपण का करणार?" त्या म्हणाल्या. "येऊ दे."

वसंताक्का आली. किती बारीक झाली होती! केसांत अबोली नव्हती, मोगरा होता. खांद्यावर टॉवेलात गुंडाळलेलं बाळ. सेल्वराज फाटकाबाहेरच थांबला, स्कूटरला टेकून – आणि ती स्कूटर पाहून माझ्या डोक्यात काहीतरी लख्खकन चमकलं आणि परत विझलं. सोप्यात मामी भिंतीशी बसल्या होत्या. वसंताक्का त्यांच्यासमोर बसली. आईनं उगाच पाण्याचा तांब्या पुढे केला. शेवटी मामी म्हणाल्या, "जेवलीस?"

"नाही, आई."

"का खाऊन निघालीस मग सकाळी?"

"इडली."

"इडलीनं का होतं, अंगावर पाजणाऱ्या बाईचं?" मामी म्हणाल्या, आणि हात पुढे करून बाळ घेतलं. त्याच्या नाकाकडे बराच वेळ पाहिलं. मग ज्या रडल्या… मी एवढ्या मोठ्या बाईला तसं रडताना कधी पाहिलं नव्हतं. वसंताक्का रडत नव्हती. ती त्यांच्या पदराचं टोक धरून बसली होती, बाजारात लहान मुलं धरतात तसं.

त्यानंतर सगळं हळूहळू सुरळीत झालं. सेल्वराज पुष्कळ दिवस बाहेरच्या ओट्यावरच बसे, मग आत खुर्चीवर बसू लागला, मग एका दिवाळीला पानावर. मामींनी मात्र पुन्हा कधी गोष्ट विचारली नाही. रविवार यायचे, त्या लेकीकडे गेलेल्या असायच्या, किंवा लेक आलेली. सगळ्यांना आनंद होता, आणि मी एकटी सोप्यात बसून हिरमुसले होते. माझी राजसबाई कुठे गेली? तिची आई तिला भेटली का? मी आईला विचारलं तेव्हा ती हसली. "अगं, भेटली की. तू होतीस ना तिथे." मला ते उत्तर पटलं नाही. मला ती हवी होती – उशीवर दागिने ठेवून पहाटे निघालेली, तंजावरची. ती त्या बैलगाडीतून उतरलेली मी कधी पाहिलीच नव्हती.

खूप वर्षांनी, मी स्वतः नोकरीला लागल्यावर, ट्रिप्लिकेनच्या फुटपाथवर जुन्या पुस्तकांच्या ढिगात मला ते पुस्तक सापडलं. निळे डोळे तसेच. तिथेच उभ्यानं मी शेवट काढला. चंपा दागिने काढून ठेवते, मागच्या दारानं बाहेर पडते, आणि कप्तानाकडे रोखलेल्या बंदुकीच्या आड येते. नदीकाठच्या वाळूत, त्याच्या मांडीवर मरते. पुढच्या प्रकरणात तो विलायतेला परत जातो. तिथे त्याच्यासाठी सोनेरी केसांची एक मुलगी थांबलेली असते. मला इतका संताप आला, की मी पुस्तक परत ढिगात टाकलं आणि थोडं पुढे जाऊन पुन्हा मागे येऊन विकत घेतलं.

आईला दाखवलं. मी मनाशी धरून चालले होते, की तिनं जाणूनबुजून शेवट बदलला. चौकटीशी बसलेल्या त्या मुलीला, तिच्या आईच्या देखत, सांगितलं की जा, मरणार नाहीस, पोचशील. मला आईचा केवढा अभिमान वाटत होता. आईनं चष्मा लावून ती पानं वाचली आणि तिचा चेहरा उतरला. "मरते? अगं बाई… मला कुठे माहीत होतं? त्या लायब्ररीच्या प्रतीला शेवटची पानं नव्हतीच. फाटलेली होती. सगळ्या ऐकायला बसल्या होत्या, मी घाबरले, आणि सुचलं ते सांगितलं." मग पुस्तक मिटून म्हणाली, "लोक म्हणायचे ते खरंच असेल का गं? माझ्यामुळे गेली असेल का ती?"

म्हणजे तेवढी वर्षं ती हे मनात घेऊन होती. आणि मी समजत होते, की तिनं ते धैर्यानं केलं. दोन्ही खरं वाटत होतं, आणि दोन्ही खरं असणं शक्य नव्हतं.

मागच्या महिन्यात मी वेलचेरीला वसंताक्काकडे गेले. पाचव्या मजल्यावर फ्लॅट आहे तिचा. खाली जिथे तळं होतं तिथे आता इमारतींमागे इमारती. सेल्वराज मागच्या वर्षी गेले. अंबूमामी त्याच्या आधीच, याच घरात, लेकीच्या हातून शेवटचं पाणी पिऊन. वसंताक्काचे केस पांढरे झालेत. तिची मुलगी परदेशात असते, नात मराठी बोलत नाही. आम्ही दोघी खिडकीशी बसलो होतो, खाली गाड्यांचे भोंगे, स्टीलच्या पेल्यातली कॉफी निवत चाललेली… आणि मी तिला विचारलं. म्हटलं, "अक्का, खरं सांग. तो शेवट ऐकूनच तू गेलीस ना?"

"कुठला शेवट?" ती म्हणाली.

मी सांगितलं. राजसबाई, दागिने, बैलगाडी. ती लक्ष देऊन ऐकत होती, पहिल्यांदाच ऐकावं तशी. मग हसली, ओशाळवाणं. "तुला राग नको येऊ दे. तुझी आई छान सांगायची म्हणतात. पण मी ऐकतच नव्हते गं. आमचं सगळं ठरलं होतं, उन्हाळ्यातच. आता जायचं, हे मला ठाऊक होतं. एरवी आईकडे जरा बघत राहिलं की ती विचारायची, का बघतेस, का झालं. गोष्ट चालली असली की तिचं लक्ष नसायचं." तिनं खिडकीबाहेर पाहिलं. "तेवढा वेळ मी तिच्याकडे बघून घ्यायचे."

मी घरी आले तेव्हा आई दार उघडून उभीच होती. "भेटली? काय म्हणाली?" तिनं विचारलं. "त्या गोष्टीचं काही बोलली का?"

मी चपला काढत राहिले, लागतो त्यापेक्षा जास्त वेळ. खरं सांगितलं असतं तर तिच्यावरचं ओझं उतरलं असतं, आणि त्याबरोबर आणखीही काहीतरी, जे तिचं एकटीचं होतं, तेही गेलं असतं. सांगावं की नाही, हे मला अजूनही ठरवता आलेलं नाही.

"आठवण काढत होती," मी म्हणाले. "तुझी, आणि मामींची."